जेवणातली आई

"पोर रडत असलं तर घटकाभर रडू द्यावं. पण गप बसलं की आधी उठून बघायचं," पाळणाघरात मुलं सांभाळणारी शेवंताक्का म्हणाली होती. "एक तर तोंडात कायतरी घातलेलं असतंय, न्हाईतर कुठंतरी कायतरी सांडून ठेवलेलं असतंय. पाच शाखांतली दोनशे चौदा पोरं एकाच वक्ताला गप? बत्तीस वर्सं पोरं सांभाळतीय मी, मॅडम. असं कधी झालं न्हाई. जरा बघा."

शलाकानं बघितलं. म्हणजे संगणकावरचा आलेख बघितला. रडण्याची रेघ जूनमध्ये डोंगरासारखी होती, जुलैत तिची टेकडी झाली आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ती जमिनीला टेकली.

"अक्का, याला प्रगती म्हणतात," ती हसून म्हणाली.

एरवी काळजी करण्यात शलाका थोरातचा हात धरणारं अख्ख्या कराडात कुणी नव्हतं. द्राक्षाचे ती चार तुकडे करायची, मग घशात अडकणार नाहीत ना म्हणून एकेक तुकडा स्वतः खाऊन बघायची. त्यामुळे तिच्या मुलाच्या, अद्वयच्या, वाट्याला द्राक्षं अशी फारशी आलीच नव्हती. गॅस बंद आहे का हे बघायला ती जिन्यातून दोनदा परत यायची. तिसऱ्यांदा नवरा, सुजय, खिडकीतूनच ओरडायचा, "बंद आहे! जा आता!" पावणेतीन वर्षांच्या अद्वयला शिंक आली की हिच्या पर्समधला थर्मामीटर बाहेर आलाच. अशी ही बाई. पण जो एक इशारा खरोखर मनावर घ्यायचा, तो मात्र तिनं हसण्यावारी नेला.

मलकापूरच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक चिप तपासण्याचा तो मोठा कारखाना आला, तेव्हापासून कराडातल्या निम्म्या बायका तिथं कामाला होत्या. पांढरा डगला चढवून एकदा आत गेलं की सहा तास बाहेर यायचं नाही, आणि धुळीच्या भीतीनं फोनही आत न्यायचा नाही. मग पोरांचं काय? त्यावर उत्तर म्हणून कुंदा निकम बाईंनी 'चिमणचारा' पाळणाघर काढलं. बघता बघता त्याच्या मलकापूर, सैदापूर, ओगलेवाडी, विद्यानगर आणि शनिवार पेठ अशा पाच शाखा झाल्या. जेवायच्या वेळी प्रत्येक मुलाला एक कोनाडा, कोनाड्यात वहीएवढा पडदा, आणि पडद्यावर त्या मुलाच्या आईची क्लिप. आईनं घरी रेकॉर्ड करून आणून द्यायची. ती क्लिपमधून घास भरवल्यासारखं करणार, आणि खरा घास भरवायला शेवंताक्कासारख्या मावश्या होत्याच. पडदा फक्त मुलाच्या बाजूनं दिसे, आणि क्लिपचा आवाज त्याच कोनाड्यात राहील अशी सोय केली होती, नाहीतर दोनशे आयांच्या 'खा रे, खा गं'नं शाखांची छपरं उडाली असती.

प्रत्येक शाखेत या क्लिपा दाखवणारा एक सर्व्हर होता, तांदळाच्या डब्याएवढा. खरी डोकेदुखी तिथंच होती. बाबांनी जाता जाता मुलाला सैदापूरला सोडलं, की त्याची आई मलकापूरच्या डब्यात. एक डबा गच्च भरलेला, शेजारचा अर्धा रिकामा. एकच आई तीन ठिकाणी, आणि त्यातल्या एका ठिकाणी तिचे गेल्या वर्षीचे लांब केस. केस कापलेल्या आईला पोर ओळखेना, लांब केसांच्या आईला बघून ते दाराकडे पळे. शलाकानं पुण्यात एका टीव्ही वाहिनीत पाच वर्षं हेच काम केलं होतं: कुठली फाइल कुठल्या सर्व्हरवर कधी असायला हवी. निकम बाईंनी तिला त्याचसाठी घेतलं, आणि तिच्याबरोबर अद्वयही मलकापूरच्या शाखेत येऊ लागला. ती दिवसभर या डब्यातली आई त्या डब्यात टाकत बसे.

मग 'मांडणी' आली.

मांडणी म्हणजे एक प्रणाली. तिचं तत्त्व कुठल्याही स्वयंपाकघरात दिसेल. चहा-साखरेचे डबे ओट्यावर असतात, पुरणयंत्र माळ्यावर असतं. हे कुणी ठरवून देत नाही, रोजच्या वापरानं हातच शिकतो. मांडणी तशीच शिकायची. कुठली क्लिप कुठं, किती वाजता लागते हे बघून ती त्या शाखेच्या सर्व्हरवर आधीच आणून ठेवायची. क्वचित लागणारी क्लिप ती दूरच्या साठ्यात, म्हणजे माळ्यावर, टाकायची. दोन क्लिपा एकच आहेत का हे नावावरून नाही, तर आतल्या चित्राच्या ठशावरून ओळखायची, आणि जास्तीची प्रत काढून टाकायची. पण 'लागते' म्हणजे काय, हे यंत्राला मोजून सांगावं लागतं. म्हणून प्रत्येक कोनाड्यात रडण्याची मिनिटं मोजणारा एक कान बसवला, आणि शलाकानं स्वतःच्या हातानं नियम लिहिला: जी क्लिप लावल्यावर रडणं थांबतं ती हाताशी ठेव, जिनं वाढतं ती माळ्यावर टाक.

प्रत्येक मुलाला त्याचीच आई दाखव, असं तिनं लिहिलं नाही. असं कुणी लिहितं का? पाणी ओलं असतं, असं आपण पाहुण्याला सांगतो का? आजवर कुणाची कोण हे मावश्यांना तोंडपाठ होतं, तेवढ्यावर भागत होतं. क्लिपच्या नावावरून तर काहीच कळलं नसतं. फॉर्मवर 'क्लिपचं नाव' असा रकाना होता, आणि दोनशे चौदा फॉर्मांवर बायकांनी त्यात एकमतानं 'आई' असं लिहिलं होतं. दोघीतिघींनी 'आई नवीन'. एकीनं 'आई फायनल फायनल'.

*

गणपतीच्या आदल्या आठवड्यात शलाका मंडईत गवार निवडत होती. कुणीतरी तिची ओढणी ओढली. खाली बघते तर दोन शेंड्या बांधलेली एक मुलगी. ओळख ना पाळख. मुलीनं वर बघून तोंड हा एवढं उघडलं.

"गिळलं," ती म्हणाली.

शलाकानं सवयीनं वाकून आत बघितलं. खरंच गिळलेलं होतं. "शाब्बास," ती म्हणाली, आणि मग तिला प्रश्न पडला की आपण हे काय करतोय.

"परी! अगं, ती आई नव्हे, मी इकडं आहे!" कारखान्याच्या निळ्या गणवेशातली एक बाई पिशव्या सावरत आली.

"तू घरातली आई," परीनं समजुतीच्या सुरात सांगितलं. "ही जेवणातली आई."

निळ्या गणवेशातल्या बाईनं शलाकाकडे असं बघितलं, की शलाका गवार तिथंच ठेवून निघाली.

असं एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. बँकेत रांगेत उभी असताना तिनं अद्वयला "खाली बस" म्हटलं, तर अद्वय बसला नाहीच, मात्र इतर तीन मुलं बसली. मागे-पुढे उभ्या आया तिच्याकडे आदरानं बघू लागल्या. शनिवार पेठेतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हल्ली मुलं सांगायच्या आधीच तोंड उघडतात हो! कराडचं पाणी बदललं की काय?"

शलाकाच्या मनात आलं, मी शाखांमधून फिरते, मुलांना माझा चेहरा माहीत झाला असणार. आणि खरं सांगायचं तर तिला आत कुठंतरी गुदगुल्याही झाल्या. आपण आई म्हणून कमी पडतो, अशी भीती तिला अद्वयच्या जन्माच्या सहाव्या तासापासून होती. बरं चाललंय म्हणायचं एकूण, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. विट्याहून तिच्या आईचे रोजचे तक्रारीचे फोनही हल्ली बंद झाले होते. गुडघा, नळ, शेजारच्या घोरपडेबाई, असं काही काही नाही. "मी बरी आहे गं," म्हणून आई दोन मिनिटांत फोन ठेवायची. सगळीकडे कशी शांतता होती.

घरात मात्र अद्वय जेवेना. घास पुढे केला की तो ओठ घट्ट मिटून घ्यायचा.

"काय हवंय तुला? काऊचा घास? चिऊचा?"

"डबल बेल," अद्वय म्हणाला.

"काय?"

"डबल बेल दे. मग गाडी जाणार."

सुजयनं सायकलची घंटी सोडवून आणली. त्या घंटीकडे अद्वयनं तुच्छतेनं बघितलं.

*

उलगडा झाला तो पाटणच्या एसटीत. मामेबहिणीच्या डोहाळजेवणाला म्हणून रविवारी शलाका अद्वयला घेऊन निघाली. गाडी भरली, आणि मागच्या दारातून कंडक्टरबाईंचा आवाज आला, "चला, पुढं सरका! मधी थांबू नका, आत मोकळं हाय!"

अद्वय मांडीवर ताडकन उभा राहिला. त्याचं तोंड आनंदानं फुललं.

"जेवणातली आई!"

कंडक्टरबाई, सुवर्णा घाडगे असं त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं, तिकीट फाडता फाडता थांबल्या. अद्वयनं त्यांच्यासमोर आ वासला होता.

"भूक लागलीय वाटतं बाळाला," त्या म्हणाल्या. "डबा न्हाई का आणला, वैनी?"

शलाकानं दहीभाताचा डबा उघडला. सुवर्णाबाईंनी चमचा घेतला, अंगात भिनलेल्या सवयीनं म्हणाल्या, "विजयनगर! कोण उतरतंय का? कोण न्हाई! जाऊ द्या आत!" आणि दोरी दोनदा ओढली. टिंग टिंग. घास आत. "विहे! चला, लवकर, लवकर!" टिंग टिंग. ड्रायव्हर वैतागून मागे वळला, "ओ बाई, थांबवायची हाय का न्यायची हाय?" मल्हारपेठ यायच्या आत डबा चाटूनपुसून साफ. घरी याच डब्याला दीड तास लागत असे. मागच्या बाकावरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

"तुमचं नशीब चांगलं, वैनी," सुवर्णाबाई रुमालानं अद्वयचं तोंड पुसत म्हणाल्या. "माझी गार्गी माझ्या हातनं असं न्हाई खात. घास दिला की तोंड उघडून दाखवत बसती. 'गिळलं, बघ गिळलं.' आन् वर मलाच म्हणती, 'चाव. नीट चाव. दाखव.' कुठनं शिकली कुणास ठाऊक. घरात माझ्या कुणी असलं बोलत न्हाई."

शलाकाच्या हातातलं डब्याचं झाकण खाली पडलं. *चाव. नीट चाव. दाखव बघू. गिळलंस?* हे जगात फक्त एका क्लिपमध्ये होतं, आणि ती क्लिप तिची स्वतःची होती.

"गार्गी दिवसा कुठं असते?"

"चिमणचाऱ्यात. ओगलेवाडीला."

डोहाळजेवणात शलाकानं काय खाल्लं ते तिला आजही आठवत नाही. पण ते नीट चावलं होतं, एवढं नक्की.

*

सोमवारी सकाळी तिनं मांडणीच्या नोंदी उघडल्या. माणसांना कळेल अशा भाषेत त्या पहिल्यांदाच कुणी वाचत होतं.

मांडणीनं प्रामाणिकपणे काम केलं होतं. तिच्या दृष्टीनं 'आई' नावाची एकच वस्तू होती, आणि तिचे दोनशे चौदा नमुने. जूनमध्ये तिनं प्रत्येक मुलावर वेगवेगळे नमुने लावून बघितले. पाचांपैकी चार सर्व्हरांवर पहिला नंबर शलाकाच्या क्लिपचा होता. कामातून वेळ काढून, काळजीनं ओथंबून, अद्वयला घास अडकू नये म्हणून केलेली ती क्लिप. तिच्या त्या एकसुरी 'चाव, चाव'नं कराडातली पोरं गुंगीत गेल्यासारखी जेवत होती. दुसरा नंबर सुवर्णाबाईंचा. उरलेल्या दोनशे बारा आया माळ्यावर धूळ खात होत्या.

आणि अद्वय? त्याला मांडणीनं आधी त्याची स्वतःची आईच दाखवली होती. तीन दिवस. पहिल्या दिवशी तो चौदा मिनिटं रडला, दुसऱ्या दिवशी एकोणीस, तिसऱ्या दिवशी बावीस. मग मांडणीनं शलाकाला माळ्यावर टाकून कंडक्टरबाई लावल्या. रडणं शून्य.

शलाकानं गार्गीची नोंद काढली. तिथं नेमकं उलटं. स्वतःची आई पडद्यावर दिसली की गार्गी अठरा मिनिटं रडायची, शलाका दिसली की शून्य. मग परीची, मग ज्यांच्या आया तिला चेहऱ्यानं माहीत होत्या अशा आणखी वीस मुलांची. त्यांत एकही अपवाद नव्हता. प्रत्येक मूल सगळ्यात जास्त रडलं होतं ते स्वतःच्या आईची क्लिप बघून.

तिच्या लक्षात यायला दोन कप चहा लागला. दुसऱ्याची आई म्हणजे पडद्यावरची एक बाई. मजेशीर आहे, बघावं आणि खावं. शेजारच्या घरी पोरं कारल्याची भाजीसुद्धा खातात ती अशीच. पण आपली आई दिसली, की ती इथं नाहीये हेही दिसतं. यंत्रानं मोजलं ते बरोबरच मोजलं होतं. शलाकानं त्याला रडणं हा दोष आहे असं सांगितलं, आणि त्यानं दोष जिथून येतो ती वस्तूच काढून टाकली.

ती उठून निकम बाईंच्या खोलीत गेली.

कुंदा निकम बाई उभ्यानं जेवायच्या, चालत सह्या करायच्या आणि समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करायच्या. शलाकाचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडून वर बघितलं.

"अगं, हा शोध आहे!"

"बाई, ही चूक आहे."

"शोध चुकूनच लागतात. दोनशे चौदा आया रेकॉर्ड कशाला करायच्या? तू आणि ती एसटीवाली, दोघी पुरे! पुढच्या सोमवारी कारखान्याची माणसं येतायत. राज्यभर चाळीस शाखा. त्यांना फक्त तो आलेख बघायचाय. रडणं शून्य! अख्ख्या महाराष्ट्राची आई होशील तू, वेडाबाई."

"आणि मुलांना त्यांची आई?"

"घरी आहे की!" निकम बाई म्हणाल्या. "तुला नक्की काय हवंय? पोरांनी रडावं?"

शलाका तशीच बाहेर पडली. ती जाग्यावर येऊन बसली. पहिला नंबर, चार सर्व्हर, असं तिनं मनात दोनदा म्हणून बघितलं. कानाला बरं वाटत होतं. तिनं नोंदींची खिडकी बंद केली आणि मंगळवारी कुणाला काहीच सांगितलं नाही.

बुधवारी संध्याकाळी अद्वय गॅलरीच्या पायरीवरून पडला. शलाका भाजी फोडणीला टाकत होती. धप्प असा आवाज आला. ती वाट बघत होती त्या भोंग्याची, पोर पडल्यावर एक क्षण गप्प राहून मग सुरू होतो त्याची. तो आलाच नाही. गॅस बंद करून ती धावत गेली (तोही बंद झाला की नाही हे तिनं बघितलं नाही, यावरून काय ते समजा).

अद्वयचं कोपर खरचटलं होतं. डोळे भरले होते. पण तो स्वयंपाकघराकडे आला नव्हता, "आई" म्हणून ओरडला नव्हता. तो कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसला होता, पडदा लागायची वाट बघत.

शलाका त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन बसली. तो मान वाकडी करून तिच्या मागची भिंत बघू लागला.

*

"अक्का," गुरुवारी ती शेवंताक्कासमोर उभी राहून म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता ना, जरा बघा म्हणून. आता मला तुमच्याशिवाय दिसणार नाही."

"काय झालं?"

"दोनशे चौदा क्लिपा आहेत आणि सगळ्यांचं नाव 'आई'. कुणाची कोण हे पाच सर्व्हरांत कुठंही लिहिलेलं नाही. ते फक्त तुमच्या डोक्यात आहे."

शेवंताक्कानं पदराला हात पुसले, खुर्ची ओढली आणि चष्मा लावला. "लाव," ती म्हणाली.

दोन दुपारी त्या दोघी बसल्या. माळ्यावरून एकेक आई खाली यायची, दोन वाक्यं बोलायची, आणि शेवंताक्का निकाल द्यायची.

"ही वडगावची. हिचं पोरगं डाव्या हातानं खातंय. ओम. लिव्ह."

शलाका लिहायची: ओमची आई, सैदापूर.

"ही त्या जुळ्यांची. दोघांच्या दोन क्लिपा, पण दोन्हींत एकालाच भरवती आन् दुसऱ्याला इसरती. दोघांची नावं लिव्ह, न्हाईतर भांडणं व्हतील. ही... थांब. ही आता बारीक झालीया. पयली हिच्या गालावर खळी पडायची. हां! परीची."

"आणि ही 'आई फायनल फायनल'?"

"ती मास्तरीण. दुसरं कोण असणार?"

प्रत्येक क्लिपला नाव, मूल आणि शाखा मिळाली. मग शलाकानं मांडणीच्या नियमात एक ओळ घातली, पाणी ओलं असतं तशी: *मूल आणि आई यांची जोडी मोडू नये, रडणं कितीही वाढलं तरी.* तिनं वेळ लावली सोमवार, जेवणाची. निकम बाईंना तिनं शुक्रवारीच सांगितलं. पण बाई चालता चालता ऐकत होत्या, आणि "जोडी" हा शब्द ऐकून त्यांना वाटलं, पाहुण्यांसाठी पुष्पगुच्छांची जोडी. "चांगली मोठी आण," त्या म्हणाल्या.

सोमवारी अकराला कारखान्याची तीन माणसं मलकापूरच्या शाखेत आली. त्यांच्या प्रमुख मोहिते मॅडम शांत, करड्या साडीतल्या. निकम बाईंनी भिंतीवर आलेख लावला. पाचही शाखांचा आवाज त्या खोलीत ऐकू येईल अशी त्यांनी मुद्दाम सोय केली होती, शांतता ऐकवायला.

"ऐका," निकम बाई डोळे मिटून म्हणाल्या.

अकरा वाजून वीस मिनिटांनी पाच सर्व्हरांनी दोनशे चौदा पडद्यांवर दोनशे चौदा आया लावल्या.

एक क्षण काही झालं नाही. मग ओगलेवाडीहून एक बारीक सूर आला. त्याला सैदापूरनं साथ दिली. विद्यानगर उठलं. शनिवार पेठेतनं तर असा आवाज आला की समोरच्या झाडावरचे बगळे उडाल्याचं नंतर लोकांनी सांगितलं. आलेखाची रेघ जमिनीवरून उठली ती भिंतीवरून छताला जाऊन लागली. पुष्पगुच्छ घेऊन आलेल्या मुलीनं घाबरून तो खुर्चीवर ठेवला आणि निकम बाई त्यावरच बसल्या.

"तांत्रिक," त्या म्हणाल्या, "हे तांत्रिक आहे."

मोहिते मॅडम मात्र मान कलती करून ऐकत होत्या. त्यांनी हात वर केला. "हा," त्या म्हणाल्या, "हा मधेच उचकी लागल्यासारखा रडतोय ना? हा माझा अर्जुन आहे." एवढ्या कल्लोळात त्यांनी तो एक सूर अचूक वेगळा काढला. पर्स, कागद, सगळं टाकून त्या सरळ कोनाड्यांकडे चालू लागल्या, आणि चार पावलांनंतर पळायलाच लागल्या.

शलाकाही पळाली, दुसऱ्या दिशेनं. सोळाव्या कोनाड्यात पडद्यावरची शलाका म्हणत होती, "चाव. नीट चाव. दाखव बघू." अद्वयचा खालचा ओठ थरथरला. मग त्यानं असा काही टाहो फोडला की त्याच्या तोंडातला न चावलेला घास शलाकाच्या कपाळावर येऊन चिकटला.

"ही नको!" तो पडद्याकडे बोट दाखवून रडत म्हणाला. "आई पाहिजे!"

शेवंताक्का दारात उभी होती. "आता कसं," ती म्हणाली. "आता पाळणाघर वाटतंय."

चाळीस शाखा राहिल्या त्या राहिल्याच. पण जेवणाच्या वेळी वीस मिनिटं आयांना डगला उतरवून बाहेर येऊ द्यायचं, आणि लांबच्या शाखांना काचेतून समोरासमोर बोलायची सोय करायची, एवढं मोहिते मॅडमनी त्याच आठवड्यात मंजूर करून घेतलं. शलाकाला निकम बाईंनी दोनदा कामावरून काढलं आणि दोनदा परत बोलावलं, कारण कुणाची आई कुठं आहे हे आता दोघींनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकीला संगणक चालू करता येत नव्हता. सुवर्णाबाईंनी निरोप पाठवला, ते 'दाखव' मला नीट शिकवा, पोरगी मागती. बदल्यात शलाकानं एसटीची जुनी घंटी मिळवली. थोरातांच्या घरात आता विजयनगर, विहे, मल्हारपेठ घेत जेवण होतं, पण गाडी थोरातीणबाईच चालवतात.

राहता राहिला एक फोन.

मांडणी विट्याच्या विरंगुळा केंद्रातही बसवली होती. ते काम शलाकानंच केलं होतं, मार्चमध्ये, चिमणचाऱ्याच्याही आधी, अभिमानानं; नियम तोच, फक्त रडण्याऐवजी कुरकुर मोजायची. तिथल्या आजी-आजोबांसाठी मुलामुलींनी दोन-दोन क्लिपा करून दिल्या होत्या: कशी आहेस, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. शलाकानंही दिल्या होत्या. आईचे तक्रारीचे फोन बंद झाले ते त्यानंतरच.

"आई, कशी आहेस?"

"मी बरी आहे गं. आत्ताच तर बोलले."

"माझ्याशी?"

"तुझ्याशी नव्हे. ती दुसरी येते ना पडद्यावर, लांब वेणीची. कुणाची मुलगी आहे कोण जाणे, पण गुणाची. कधी मध्येच 'आई, ठेवते, मीटिंग आहे' म्हणत नाही."

शलाकानं फोन ठेवला आणि अद्वयला उचलून विट्याची गाडी पकडली. दार उघडताच आईनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. किती वाळलीस, ती म्हणाली. पोराला स्वेटर नाही घातलास? मग गुडघा. मग नळ. मग घोरपडेबाईंनी टेरेसवर वाळत घातलेल्या कुरडया, त्याही हिच्याच दोरीवर. चाळीस मिनिटं ती थांबली नाही, आणि शेवटी पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "मार्चपासून तोंड दाखवलं नाहीस."

शलाका ऐकत राहिली. इतकं गोड तिनं बरेच दिवसांत काही ऐकलं नव्हतं.

तेव्हा शलाकाचं एवढंच मागणं आहे. तुमचंही असं कुणीतरी असेल, पूर्वी फार कुरकुर करणारं, आणि हल्ली विचारलं की "मी बरी आहे" म्हणून फोन ठेवणारं. हे वाचून झालं की उठा. फोन करू नका. जाऊन बघून या.